मधात कोरा चहा कशासाठी?

प्रश्न : आमची डाळिंबाची बाग आहे. लेक आणि जावई अमेरिकेत असतात. परवा व्हिडिओ कॉलवर लेक मोठ्या काचेच्या बरणीत पाण्यात मध कालवत होती. त्यात तिने डाळिंबाचा रस ओतला आणि वरून पातेलंभर कोरा चहा! 'मीड करतेय, बाबा,' म्हणाली. मधापासून मद्य करतात हे ऐकून होतो, पण मधात चहा कशासाठी? नुसती चव म्हणून, की त्यामागे आणखी काही आहे?
— एक डाळिंब बागायतदार, टाकळीमियां (ता. राहुरी)

उत्तर : चव हे कारण आहेच, पण ते दुय्यम. मधात ज्या गोष्टी मुळातच नाहीत, त्यांची भरपाई तुमची लेक फळाने आणि चहाने करते आहे. बरणीत काय चालतं ते नीट पाहिलं तर हे लक्षात येईल.

मधात साधारण 80 टक्के साखर असते, मुख्यतः फ्रुक्टोज आणि ग्लुकोज. 17 ते 20 टक्के पाणी. उरलेल्या अगदी थोड्या भागात आम्लं, खनिजं, परागकण आणि त्या त्या फुलोऱ्याचा सुगंध देणारी द्रव्यं. इतक्या दाट साखरेत यीस्ट वाढत नाही, कारण साखर त्याच्या पेशीतलं पाणीच ओढून घेते. म्हणून पक्का मध वर्षानुवर्षं टिकतो. पण पाणी 20 टक्क्यांच्या पुढे गेलं की चित्र बदलतं. आग्या माशीचं पोळं पिळून काढलेला कच्चा मध पावसाळ्यात बरणीत फसफसतो, वर फेस येतो, वास आंबूस होतो, हे खेड्यात अनेकांनी पाहिलेलं आहे. मीडची सुरुवात हीच. मधात पाणी शिरलं आणि तो आपोआप आंबला, असंच जगात ठिकठिकाणी घडलं असणार. माणसाने पुढे ते मुद्दाम करायला घेतलं.

तर लेकीने मधात पाणी घातलं आणि त्याची दाटी मोडली. आता यीस्ट कामाला लागेल. हे यीस्ट म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसिए. पाव फुगवणारं तेच, वाइन करणारं तेच आणि आपल्याकडच्या साखर कारखान्यांच्या आसवनीत मळीचं अल्कोहोल करणारंही तेच, फक्त प्रत्येक कामाचे वाण वेगळे. ते साखर खातं आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड देतं.

अडचण इथेच सुरू होते. मधात साखर भरपूर, पण नत्र जवळजवळ नाहीच. पिकाला पाणी आणि ऊन मुबलक मिळूनही नत्राअभावी वाढ खुंटते, तसं यीस्टचं होतं. नुसत्या मध-पाण्यात ते चार दिवस जोरात चालतं, मग मंदावतं. कधी अर्ध्यातच थांबतं, कधी उपाशी राहून सडक्या अंड्यासारखा वास सोडतं. म्हणून मीड करणारे यीस्टला खुराक देतात, आणि त्यातला एक खुराक तुमच्या चांगल्या ओळखीचा आहे : डीएपी, डायअमोनियम फॉस्फेट. रसायन तेच, पण त्यांचं खाद्य दर्जाचं, शुद्ध केलेलं असतं आणि ते ग्रॅमच्या हिशेबात घालतात. खताच्या गोणीतल्या डीएपीचा खाण्यापिण्याशी संबंध येऊ द्यायचा नाही, हे इथे ठळक सांगायला हवं. फळाचा रस घातला की त्याच्याबरोबर थोडं नत्र, पोटॅशियम आणि इतर खनिजं येतात आणि यीस्टचं काम सुकर होतं. डाळिंबाचं पहिलं काम हे.

दुसरं काम आंबटपणाचं. मध रासायनिकदृष्ट्या आम्लधर्मी असला तरी जिभेला आंबट लागत नाही. त्यातली सगळी साखर आंबून गेल्यावर जे उरतं ते सपक असतं. द्राक्षात टार्टारिक आम्ल असतं, सफरचंदात मॅलिक, लिंबात सायट्रिक. पेयाला तरतरी देणारं असं काही मधात पुरेसं नसतं. डाळिंबात ते आहे. तुमचं डाळिंब मात्र गोड वाणाचं असेल. गणेशखिंडला डॉ. चीमा यांनी 1936 मध्ये निवड पद्धतीने काढलेला 'गणेश', आणि पुढे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातून आलेले 'मृदुला', 'आरक्ता', 'भगवा' हे सारे खाण्यासाठी निवडलेले वाण. ग्राहकाला मऊ बी, लाल दाणा आणि गोडी हवी असते, म्हणून आंबटपणा कमी होत गेला. हिमालयाच्या उतारावरचं रानडाळिंब, ज्याचा अनारदाना करतात, ते याउलट चांगलंच आंबट. त्यामुळे भगव्याच्या रसाबरोबर थोडा लिंबाचा रस लागतो. त्यासाठीही लांब जायला नको, 'साई सरबती' आणि 'फुले सरबती' हे कागदी लिंबाचे वाण याच विद्यापीठाचे.

आता चहा. द्राक्षाच्या लाल वाइनला जो तुरटपणा असतो तो सालीतून आणि बियांतून येतो. त्या तुरट द्रव्यांना टॅनिन म्हणतात. जांभूळ खाल्ल्यावर, सुपारी चघळल्यावर जीभ आखडते ती यांच्यामुळेच : टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं आणि तोंडाचा ओलसर गुळगुळीतपणा क्षणभर जातो. मधात टॅनिन नाही म्हटलं तरी चालेल. त्यामुळे नुसत्या मधाची मीड तोंडात ठरत नाही. गोड असेल तर ती चिकट लागते, कोरडी असेल तर पाण्यासारखी पातळ वाटते आणि नुसतं अल्कोहोल जाणवतं. कपभर कडक कोरा चहा घातला की पेयाला अंग येतं. इंग्लंडच्या खेड्यांत घरोघरी फुलांची, फळांची, कंदांची वाइन करणारे लोक गार कडक चहा याच कारणासाठी घालत आले आहेत. टॅनिनचा आणखी एक उपयोग आहे. ते गढूळपणा आणणाऱ्या प्रथिनांना धरून तळाशी नेतं, म्हणून मीड लवकर निवळते. डाळिंबाचा लाल रंग काळाबरोबर विटकरी होत जातो, तो टिकवायलाही टॅनिनची थोडी मदत होते.

चहा कोराच का, हे यातूनच कळेल. दुधातलं केसीन चहातल्या टॅनिनला आधीच बांधून टाकतं. दूध घातलेला चहा तुरट लागत नाही तो त्यामुळे. शिवाय दूध आंबट रसात फाटेल ते वेगळंच. आपली रोजची दाणेदार सीटीसी पत्ती या कामाला कडक पडते, अर्ध्या लिटर पाण्यात दोन चमचे पत्ती पाच मिनिटं ठेवली तरी पुरते. पानांचा चहा अधिक सौम्य आणि सुगंधी असतो. पण पत्ती मधाबरोबर दिवसेंदिवस भिजत ठेवली तर कडवटपणा वर येतो आणि तो नंतर काढता येत नाही. माझ्या मते चहा सुरुवातीला थोडा आणि राहिलेला शेवटी चाखत चाखत घालावा. टॅनिन वाढवणं सोपं आहे, कमी करणं फार कठीण.

इथे डाळिंब उत्पादकाला एक खास गोष्ट सांगतो. डाळिंबाच्या सालीतही भरपूर टॅनिन असतं. कपड्यांच्या नैसर्गिक रंगकामात आणि पोटाच्या औषधात ती साल वापरतात ते त्याचमुळे. म्हणून रस काढताना अख्खं फळ दाबणं आणि नुसते दाणे दाबणं यात मोठा फरक पडतो. अख्खं फळ जोरात दाबलं की साल आणि आतला पांढरा पापुद्रा यांचं पाणी रसात उतरतं आणि तो घशाला लागण्याइतका तुरट होतो. दाणे सोडवून, बी न चिरडता हलक्या हाताने काढलेला रस मात्र गोड आणि मऊ. तुमच्या लेकीने चहा घातला, याचा अर्थ तिने रस दाण्यांचाच घेतला असावा.

तिकडची रीत साधारण अशी असते : एका अमेरिकी गॅलनच्या, म्हणजे पावणेचार लिटरच्या बरणीला सव्वा ते दीड किलो मध, एखादा लिटर रस, कपभर-दोन कप चहा आणि बाकी पाणी. मध उकळत नाहीत. उकळल्याने जंतू मरतात हे खरं, पण ज्या सुगंधासाठी मध घ्यायचा तो वाफेबरोबर निघून जातो. स्वच्छता भांड्यांची ठेवायची. तोंडावर वायूझडप बसवतात, म्हणजे आतला वायू बाहेर जातो आणि बाहेरची हवा आत येत नाही. पहिले काही दिवस बरणी जोरात बुडबुडते. त्या वायूबरोबर रसाचा नाजूक वासही उडतो, म्हणून जाणकार लोक फळाचा काही भाग पहिला जोर ओसरल्यावर घालतात. महिन्याभराने वरचं निवळलेलं पेय तळाच्या गाळावरून नळीने काढून घेतात, आणि मग सहा महिने ते वर्षभर थांबतात. एवढ्या गोडीतून सगळी साखर आंबली तर अल्कोहोल 14 टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून थोडं जास्तही जातं. म्हणजे बिअरच्या दुपटीहून अधिक. फळाच्या गोड वासाने हे पेय हलकं वाटतं, पण हलकं नाही.

साखर मोजायला तिथे हायड्रोमीटर वापरतात. आपल्या ऊस पट्ट्यात ब्रिक्स हा शब्द नवा नाही. पण उसाचा ब्रिक्स पाहायची हातातली दुर्बीण, म्हणजे रिफ्रॅक्टोमीटर, इथे फक्त पहिल्या दिवशी खरं सांगते. अल्कोहोल तयार व्हायला लागलं की ते प्रकाशाला वेगळं वळवतं आणि आकडा साखर आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. साखर संपली असं समजून किंवा नीट न मोजता बाटली घट्ट बंद केली आणि आत आंबणं चालूच राहिलं, तर वायूच्या दाबाने काच फुटते. घरच्या मीडमधले खरे अपघात हेच. लेकीला एवढं जरूर विचारा.

प्रश्न : हे सगळं वाचून राहुरीला घरी एक बरणी करून पाहावी असं वाटतं. विकायची नाही, फक्त घरात. चालेल का?
— तोच वाचक (पत्रातला दुसरा प्रश्न)

उत्तर : नाही. तुमची लेक जिथे राहते तिथे संघराज्याचा कायदा प्रौढ माणसाला स्वतःच्या वापरासाठी वर्षाला 100 गॅलन आणि दोन वा अधिक प्रौढांच्या घराला 200 गॅलनपर्यंत वाइन करू देतो, आणि मीड त्यातच मोडते. विकायला मात्र परवाना हवा. ब्रिटनमध्येही घरच्या वापरासाठी असं पेय करायला परवाना लागत नाही. महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी अधिनियम लागू आहे, आणि परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा त्याखाली गुन्हा आहे. एक बरणी की शंभर, विकायची की घरात ठेवायची, याने गुन्हा टळत नाही. राज्य उत्पादन शुल्क विभाग त्यावर कारवाई करू शकतो. म्हणून वर जी रीत सांगितली ती बरणीत काय घडतं हे कळावं म्हणून. राहुरीत करून पाहायला नव्हे.

आपल्या जुन्या राज्यव्यवहारात अशी मुभा होती, हेही सांगायला हवं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचं प्रकरण आहे. सरकारी मक्तेदारी कडक ठेवूनही तिथे कुटुंबांना कार्यप्रसंगी पांढरी सुरा आणि औषधासाठी अरिष्ट घरी करायला परवानगी दिली आहे, उत्सव आणि यात्रांच्या वेळी चार दिवसांची सवलतही आहे.

मीडची चवच घ्यायची असेल तर ती आता महाराष्ट्रातच रीतसर परवान्याने तयार होते. पुण्यात रोहन रेहानी आणि नितीन विश्वास यांची 'मूनशाइन' मीडरी आहे, तिने पेरू-मिरची आणि कोकम-मीठ अशा आपल्या जिभेच्या चवी वापरल्या. नाशिकला डॉ. योगिनी बुधकर आणि अश्विनी देवरे या दोघींनी 'सेराना मीड्स' सुरू केली. सेराना हे आपल्या सातेरी माशीच्या शास्त्रीय नावातलं. नाशिकच्या द्राक्षाला राज्याच्या 2001 च्या धोरणामुळे वाइनची वाट मोकळी झाली, तशी वाट नगर जिल्ह्यातल्या डाळिंबाला, राहात्याच्या पेरूला आणि मधपेट्या ठेवणाऱ्यांना मिळावी असं मला मनापासून वाटतं. दर पडला की दुय्यम प्रतीचं फळ बांधावर टाकावं लागतं. डागाळलेल्या सालीच्या आतला दाणा बहुतेक वेळा उत्तम असतो. ते फळ परवानाधारक, तपासणीखालच्या कारखान्यात गेलं तर बागायतदाराच्या हाती चार पैसे पडतील.

प्रश्न : घरच्या मद्यात विष तयार होतं म्हणतात. मग तिकडचे लोक ते पितात कसे?
— एक शिक्षक, देवळाली प्रवरा

उत्तर : भीती रास्त आहे. फेब्रुवारी 2017 मध्ये आपल्याच जिल्ह्यात, नगर तालुक्यातल्या पांगरमलला विषारी दारूने माणसं गेली. 2015 च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला शंभराहून अधिक बळी गेले, आणि तिथे कारण होतं मिथेनॉल. हे मिथेनॉल आंबवण्यातून आलेलं नव्हतं. ते कारखान्यांत लागणारं रसायन, जे नफ्यासाठी दारू म्हणून विकलं गेलं.

फळ आंबताना मिथेनॉल तयार होतं, पण अगदी अल्प. ते फळातल्या पेक्टिनपासून सुटतं. मधात पेक्टिन नाही, रसात थोडं असतं. आंबवलेलं पेय ऊर्ध्वपातन न करता तसंच ठेवलं तर त्यातलं मिथेनॉल धोक्याच्या पातळीपर्यंत जात नाही. शरीरात मिथेनॉलचं फॉर्मिक आम्ल होतं आणि डोळ्याची नस जाते. अशा विषबाधेची शंका आली तर घरगुती उपाय करत बसू नये, त्याच क्षणी दवाखाना गाठावा.

राहुरीच्या उन्हाळ्यात आंबणारं पेय खराब व्हायचं खरं कारण वेगळं. यीस्टला 18 ते 24 अंश सेल्सिअस मानवतं. चाळिशीच्या उन्हाळ्यात ते बेफाम चालतं आणि जळजळीत वासाची जड अल्कोहोलं तयार करतं. तुमच्या प्रश्नातलं विष ते नव्हे, पण चांगलंही नव्हे.

प्रश्न : आपल्या भागात कोणता मध मिळतो आणि त्याची चव कशी?
— एक वाचक, वांबोरी

उत्तर : सूर्यफूल, करंज, कडुनिंब, बोर, कोथिंबिरीचं बी धरलेली शेतं, जसा मोसम तसा मध. कांदा बीजोत्पादनात मधपेट्या ठेवतात कारण मधमाशीशिवाय कांद्याचं बी नीट भरत नाही. त्या मधाला सुरुवातीला उग्र वास असतो, तो ठेवल्यावर बराच कमी होतो. मध थिजला म्हणजे साखरेची भेसळ, हा समज सोडून द्या. ग्लुकोज जास्त असलेला शुद्ध मध थंडीत थिजतोच. पातळ मध मात्र जपून घ्या. खाद्य मानकांनुसार मधात पाणी 20 टक्क्यांहून जास्त नसावं, आणि त्याहून ओला मध आंबण्याची शक्यता असते.

प्रश्न : आमच्या घरात मद्य चालत नाही. पण मध, चहा, डाळिंब यांचा मेळ चांगला वाटतो. आंबवल्याशिवाय काही करता येईल का? आयुर्वेदातही मध आणि काढे आंबवतात ना?
— एक गृहिणी, राहुरी

उत्तर : दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तो फार मोलाचा आहे. आसव-अरिष्ट हे आंबवलेलेच असतात. त्यांत गूळ किंवा मध असतो, काढा असतो, आणि अनेक पाठांत धायटीची फुलं असतात. सह्याद्रीच्या उतारांवर उन्हाळ्याच्या तोंडाला लाल फुलांनी भरून जाणारी ती धायटी. तिच्या फुलांतल्या मधुरसात नैसर्गिक यीस्ट असतं, म्हणजे विरजणाचं काम होतं. शिवाय फुलं तुरट असतात, म्हणजे त्यांच्यात टॅनिन आहे. टाकळीमियांच्या बागायतदारांची लेक जे काम पाकिटातल्या यीस्टने आणि चहाने करते, ती दोन्ही कामं आपल्या वैद्यांनी एका फुलावर सोपवली होती. आसव-अरिष्टं मात्र परवानाधारक औषधनिर्माते करतात आणि ती औषध म्हणून वैद्याच्या सांगण्यावरूनच, मात्रेतच घ्यायची असतात.

आता न आंबवलेलं पेय. पाऊण लिटर पाणी उकळून खाली उतरवा, त्यात दीड चमचा पत्ती टाकून तीन मिनिटं झाका आणि गाळा. त्याहून जास्त वेळ नको, कारण इथे तुरटपणा मऊ करायला महिने मिळणार नाहीत. चहा पूर्ण गार होऊ द्या. मगच चार चमचे मध घाला. आयुर्वेद मध तापवू नये म्हणतो, आणि सुगंधाच्या दृष्टीनेही ते बरोबरच आहे. मग एका मोठ्या डाळिंबाच्या दाण्यांचा हलक्या हाताने काढलेला रस, अर्ध्या लिंबाचा रस आणि चिमूटभर सैंधव. आवडत असेल तर चहा झाकताना एक वेलदोडा ठेचून टाका. आलं घालायचं तर अगदी किंचित, नाहीतर डाळिंब मागे पडतं. पेरूच्या दिवसांत डाळिंबाऐवजी पिकल्या पेरूचा गाळलेला गर घेता येईल, मग लिंबू थोडं वाढवा.

फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवसापर्यंत संपवा. बुडबुडे दिसले किंवा वास बदलला तर टाकून द्या. यात चहा आहे, म्हणून लहान मुलांना आणि रात्री झोप न लागणाऱ्यांना नको. मधुमेह असलेल्यांनी मधाला साखरच समजावं. आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध कोणत्याही रूपात देऊ नये, बोटावर चाटवायलासुद्धा नाही. मधात असू शकणाऱ्या बोट्युलिझमच्या बीजाणूंना त्या वयातलं आतडं तोंड देऊ शकत नाही.